पहिली मोटारसायकल: खान्देशातल्या रस्त्यांवर नवशिक्याला कोणती गाडी बरी?

दसरा-दिवाळी जवळ आली, कापसाचे दोन पैसे हातात आले की शोरूमच्या दारात बाप-लेकांची गर्दी होते. बाप विचारतो, "कितला एव्हरेज देस?" पोरगा बघतो टाकीवरचं स्टिकर आणि मागचं जाड टायर. दोघांचंही चूक नाही, पण नव्याने चालवणाऱ्यासाठी हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचे. आधी दोन गोष्टी बघायच्या: उभ्या गाडीवर बसल्यावर पाय नीट टेकतात का, आणि साठच्या स्पीडला जोरात ब्रेक मारला तर गाडी सरळ रेषेत थांबते का. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा माणूस दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो. लाखभराची गाडी मात्र आपण रंग बघून घेतो.

आधी रोजचा रस्ता बघा

गावातून तालुक्याला कॉलेज, मधे दोन किलोमीटर शिवाररस्ता, कधी मागे आई किंवा बहीण, कधी खताची गोणी. बहुतेकांचा वापर एवढाच. यात गाडी ऐंशीच्या वर न्यायची वेळच येत नाही. याला १०० ते १२५ सीसीची हलकी गाडी पुरते. शंभरच्या गाडीत साधारण ८ पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) ताकद असते, सव्वाशेच्या गाडीत ११ च्या आसपास. डबलसीट चढ चढताना किंवा ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना तेवढा फरक कामाला येतो, म्हणून सलग डबलसीट फिरणाऱ्याने १२५ घ्यावी.

रोज राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून धुळे-जळगाव-भुसावळ पट्ट्यात जायचं असेल तर गणित थोडं बदलतं. तिथे शंभरची गाडी दमते. मागून कंटेनर येतो आणि गाडी बाजूला घ्यायला जोर उरत नाही. अशा वेळी १२५ ते १६० मधली, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) असलेली गाडी घ्या. त्यापुढे पहिल्याच वर्षी जाऊ नका. २५ पीएसच्या गाडीत सेकंड गिअरला हात थोडा जास्त पिळला तरी नवशिक्याच्या अंदाजाआधी गाडी पुढे निघून गेलेली असते, आणि त्या घाबरण्यात तो ब्रेकऐवजी हँडल घट्ट धरतो. हँडल घट्ट धरताना मनगट खाली जातं आणि रेस आणखी वाढते.

बुलेटबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण ती घरोघरी हवी असते. ३५० ची बुलेट किंवा क्लासिक वेगाने धोकादायक नाही, तिची ताकद २० पीएसच आहे. अडचण १९५ किलो वजनाची. चिखलात, उतारावर, गर्दीत हळू वळवताना ती एका बाजूला कलली की नवशिक्याच्या पायाला आवरत नाही. दुसरी गाडी म्हणून खुशाल घ्या.

उंची आणि वजन: शोरूममध्येच करायच्या पाच गोष्टी

घरी आधी एक माप घ्या. भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून उभं राहा, मांड्यांमध्ये एक जाड वही वर टेकेपर्यंत सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. हे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सीटची उंची कंपनीच्या पत्रकात असतेच: टीव्हीएस रेडर ७८०, स्प्लेंडर प्लस ७८५, शाइन १२५ ची ७९१, युनिकॉर्न ७९८, क्लासिक ३५० ची ८०५, ड्यूक २०० ची ८२२. तुमचं माप सीटच्या उंचीइतकं किंवा जास्त असेल तर टाचा टेकतात. दोन-तीन सेंटिमीटर कमी असेल तर चवडे टेकतात, तेही चालतं. त्याहून कमी असेल तर गाडी सोडा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, सीट रुंद असली की पाय बाहेर फाकतात आणि उंची आणखी जाणवते.

मग गाडीवर बसून हे करा. रोज घालता तीच चप्पल-बूट घालून बसा आणि दोन्ही पाय टेकवा. गाडी साइड स्टँडवरून एकट्याने सरळ करा. बसल्या बसल्या पायांनी रेटत दहा फूट मागे घ्या, थोडा चढ असेल तर उत्तम. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. शेवटच्या टोकाला मूठ हातातून निसटू नये आणि कोपर अवघडू नये. क्लच लिव्हर दोन बोटांनी पूर्ण दाबून तीस सेकंद धरून ठेवा. हात थरथरला तर जळगावच्या बाजारपेठेत हाफ क्लचवर चालवताना तो नक्की थकणार.

वजनाचा साधा अंदाज असा: स्प्लेंडर ११२ किलो, सव्वाशेच्या बहुतेक गाड्या ११५ ते १३५ च्या आत, १५०-१६० च्या गाड्या १४० च्या आसपास. बारीक अंगाच्या मुला-मुलींनी पहिली गाडी १२५ किलोच्या आत ठेवावी. आणि घेण्याआधी गाडी एकदा मेन स्टँडवर लावून बघाच. ते जमत नसेल तर बहुधा पाय स्टँडच्या पट्टीवर न ठेवता हाताने गाडी ओढली जाते. पायाने पट्टी जमिनीला दोन्ही बाजूंनी टेकवायची आणि सगळं वजन त्या पायावर द्यायचं, गाडी आपोआप वर येते.

ब्रेक: इथे पैसे वाचवू नका

साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. म्हैस दिसली, डोक्यात शिरलं, हात हलला, यातच एक सेकंद जातो. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट लागले तर कोरड्या डांबरावर आणखी २३ मीटर, म्हणजे एकूण ४०. फक्त मागचा ब्रेक वापरला तर ब्रेकचंच अंतर ४० मीटर होतं आणि एकूण ५७. ऐंशीच्या स्पीडला दोन्ही ब्रेक वापरूनही एकूण ६३ मीटर लागतात. रात्री डिपरच्या उजेडात नीट दिसतं ते साधारण तीस-चाळीस मीटर. यावल-रावेर भागात केळीने भरलेली, मागे लाल रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात उभी असते, तेव्हा हा हिशेब जिवाचा असतो. रात्री शिवारातून येताना पन्नासच्या आतच राहा.

"पुढचा ब्रेक मारू नको, पलटी होशील" ही शिकवण गावोगाव दिली जाते. ती अर्धवट आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. माणूस पडतो तो पुढचा ब्रेक झटक्यात मारल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना, रेतीवर मारल्यामुळे. लिव्हर झटक्याने न ओढता लिंबू पिळल्यासारखी हळूहळू घट्ट करायची.

आता गाडीत काय असतं ते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. चाक जाम होणं मात्र ते रोखत नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करतं, मागचं चाक घसरू शकतं. ड्युअल चॅनल दोन्ही चाकांवर. सव्वाशेतही काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलला एबीएस मिळतं, हिरो एक्स्ट्रीम १२५ आर हे एक उदाहरण.

आमचं मत सरळ आहे. दोन मॉडेलमध्ये फरक स्टिकर, ब्लूटूथ आणि चार्जिंग पॉइंटचा असेल तर खालचं घ्या. फरक ड्रम आणि डिस्कचा, किंवा सीबीएस आणि एबीएसचा असेल तर वरचं घ्या, मग दिवाळीऐवजी गुढीपाडव्याला घ्यावं लागलं तरी चालेल.

आपल्याकडे एबीएसचा खरा उपयोग जूनमध्ये होतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरी रस्त्यावर येते, वरून पहिला पाऊस पडतो आणि रस्ता लोण्यासारखा होतो. एबीएस नसेल तर अशा जागी पुढचं चाक क्षणात जाम होऊन निघून जातं. पण एबीएस ही जादू नव्हे. वळणात गाडी कललेली असताना ते वाचवेलच असं नाही, आणि सुट्या खडीवर एबीएसने थांबायला उलट जास्त अंतर लागतं.

सीबीएसच्या गाडीत एक चूक वारंवार दिसते. ब्रेकचे लायनर (ड्रमच्या आत घासणारे पट्टे) झिजले की मेकॅनिक मागचा रॉड आवळून देतो आणि पुढच्या ब्रेकला जाणारी केबल तशीच सैल राहते. मग पेडल दाबलं तरी पुढचा ब्रेक लागतच नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, एकाला मागे दाबून पुढचं चाक उचलायला सांगा, चाक फिरवा आणि पेडल दाबा. चाक थांबलं पाहिजे.

टायर

नवशिक्याला ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाक घ्यायला सांगावं. ट्यूबच्या टायरला खिळा लागला की हवा एकदम जाते, ट्यूबलेसमध्ये बहुधा हळूहळू जाते आणि गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. बाभळीच्या काट्यांच्या बांधावरून रोज जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपूर्वीचं टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं, आणि भुसावळच्या उन्हात ते लवकर कडक होतं.

हवेचा आकडा चेनकव्हरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. सकाळी गाडी थंड असताना भरा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा जास्तच दिसतो, म्हणून पंपवाला हवा काढून टाकतो आणि सकाळी टायर बसलेलं सापडतं. अगदी कोऱ्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत थर असतो, तेवढे दिवस वळणात गाडी कलवू नका.

जुनी गाडी घेत असाल तर

शिकण्याच्या काळात गाडी एक-दोनदा आडवी होणारच, त्यामुळे जुनी गाडी घेणं शहाणपणाचं असू शकतं. फक्त २०१९ नंतरची बघा, म्हणजे सीबीएस किंवा एबीएस मिळेल. २०२० च्या एप्रिलनंतरची असेल तर ती बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमाची), बहुतेक वेळा फ्युएल इंजेक्शनची. फ्युएल इंजेक्शन असलं की सकाळी चोक ओढत बसावं लागत नाही.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवलं जातंय. थंड गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम आलं. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ आली तर ती काही नाही. पण इंजिनाचा खर्च हा पैशाचा प्रश्न झाला, सुरक्षेचा नाही. सुरक्षेसाठी पुढच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या, आणि बघणारे नेमक्या याच सोडतात.

गाडी ठोकलेली आहे का? हँडल सरळ धरून पुढे उभे राहा: चाक, मडगार्ड आणि मीटर एका रेषेत हवेत. हँडल पूर्ण वळवल्यावर चेसीवर जिथे अडतं तो स्टॉपर बघा. तो चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला असेल तर समोरून मोठा मार बसलेला आहे. मग सुतळी घ्या. मागच्या टायरच्या एका बाजूला दोन ठिकाणी टेकवून ताणत पुढच्या टायरपर्यंत आणा, पुढचं टायर आणि सुतळी यांतलं अंतर मोजा. दुसऱ्या बाजूनेही तसंच. दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. एका बाजूला पाच-सात मिलिमीटर जास्त भरलं तर आधी मागचं चाक चेनच्या खुणांवर सारखं बसलंय का ते बघा. ते सारखं असूनही फरक राहिला तर चेसी किंवा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) वाकलेला आहे. अशी गाडी फुकटात मिळाली तरी नको, ती हात थोडा सैल केला की एका बाजूला ओढते.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश वळवा. मधोमध खट्कन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेला. फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा, तेलकट लागलं तर ऑइल सील गेले. ही दोन्ही कामं होण्यासारखी आहेत, भावात धरा. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा, अर्धा दात उघडा दिसला तर चेनसेट बदलावा लागेल. ड्रमच्या प्लेटवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला तर लायनर संपले. डिस्क असेल तर ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ नंबर बघून तेच ऑइल वापरा. ते चहासारखं काळपट झालं असेल तर बदलून घ्या.

कागदपत्रांत आपल्या भागाची खास अडचण आहे. सुरतेला कामाला असलेली मंडळी जीजे ०५ ची गाडी गावी आणून विकतात, रावेर-मुक्ताईनगरकडे बऱ्हाणपूरच्या एमपी ६८ च्या गाड्या येतात. भाव कमी वाटतो, पण मूळ आरटीओचं नमुना २८ चं ना-हरकत पत्र, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं त्यात धरा. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमएच १८, १९ किंवा ३९ ची गाडी असली तरी नमुना २९ आणि ३० वर (गाडी नावावर करण्याचे अर्ज) सह्या त्याच दिवशी घ्या. आरसीवर फायनान्सची नोंद असेल तर ती नोंद काढण्याचा नमुना ३५ आणि फायनान्सचं पत्र हवंच. चेसी नंबर आरसीशी आकडा-आकडा लावून बघा. मागच्या मालकाच्या नावावर गाडी तशीच फिरवत राहिलात आणि अपघात झाला, तर विम्याचं भांडण वर्षानुवर्षं चालतं.

कायदा आणि डोकं

गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. अकरावी-बारावीच्या मुलाला "तालुक्याला जायला" गाडी देणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचावं: पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. या काळात मागे फक्त लायसन्सवाला शिकवणारा बसू शकतो, मित्र नाही.

हेल्मेट गाडीच्याच बजेटमध्ये धरा, नंतर घेऊ म्हटलं की राहून जातं. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा नंबर बघा. घालून पट्टा लावा आणि मागून वर उचलून बघा. पुढे निघून आलं तर मोठं झालं. गालाला घट्ट लागलं तर घ्या, आतला फोम महिनाभरात बसतो. उन्हाळ्यात आतून बागायती रुमाल गुंडाळायची सवय असेल तर पातळ सुती कापड एकच पदर घ्या. जाड रुमालावर घातलेलं हेल्मेट पडताना फिरतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, तेव्हा दोन घ्या.

साडीगार्ड आणि मागे धरायचं हँडल काढून टाकायची फॅशन आहे. आई-बहीण मागे बसणार असेल तर पदर आणि ओढणी चाकात जाण्यापासून तेवढंच एक वाचवतं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियमातही आहे.

पहिला महिना

रविवारी सकाळी बाजार समितीचं मोकळं आवार किंवा गावाबाहेरचं मैदान गाठा. वीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक, दहा वेळा. मग तीस, मग चाळीस. दरवेळी खडूने किंवा दगडाने खूण करा, थांबण्याचं अंतर कमी होत गेलं पाहिजे. मग तेच मागे माणूस बसवून, पण हा भाग पक्कं लायसन्स मिळाल्यावर. मागे ६० किलो बसले की गाडीचा स्वभावच बदलतो, पुढचं हँडल हलकं लागतं आणि ब्रेकला अंतर वाढतं. दुधाच्या कॅनचंही तसंच. दोन्ही बाजूंना सारखं वजन हवं, आणि अर्धा भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, कारण वळणात आतलं दूध उसळी मारतं.

घाट शेवटी ठेवा. लळिंग किंवा कन्नडच्या घाटात, तोरणमाळला तर नक्कीच, उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून बंद करणारे दिसतात. त्यांचं बघून शिकू नका. ज्या गिअरला चढली त्याच गिअरला उतरवा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. सलग ब्रेकवर उतरलं की ड्रम तापतात आणि शेवटच्या वळणाला पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. तसं वाटलं तर तिथेच कडेला लावून पंधरा मिनिटं थांबा, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.